परित्यक्तांच्या प्रश्नाला अभ्यासाची जोड देणाऱ्या गेल ऑम्वेट

भिवंडी, प्रतिनिधी

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात पत्नीला मारहाण झाल्याची बातमी बहुधा चार ओळींची असते. ‘कौटुंबिक वादातून’ हे दोन शब्द तिच्यात ठरलेले असतात. वाद कशाचा होता, तो किती वर्षे चालला होता आणि मारहाणीनंतर ती स्त्री राहायला कोठे गेली, याचा उल्लेख त्या चार ओळींत क्वचितच असतो. हा दोष आम्हा वार्ताहरांचाही आहे. परंतु या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न, म्हणजे घराबाहेर पडलेली स्त्री जाते कोठे आणि जगते कशावर, हाच ज्यांनी आपल्या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न मानला, अशा एका समाजशास्त्रज्ञाचे कार्य महाराष्ट्राच्या मातीतच उभे राहिले. त्यांचे नाव डॉ. गेल ऑम्वेट. जातिव्यवस्था, फुले-आंबेडकरी विचार आणि बौद्ध धम्म यांवरील ग्रंथांमुळे त्यांची ओळख सर्वदूर झाली. स्त्रियांवरील हिंसेसंबंधीचे त्यांचे काम मात्र त्या मानाने कमी वाचले गेले.

ऑम्वेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस या शहरात झाला. कार्लटन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९६३-६४ मध्ये त्या प्रथम भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील समाजशास्त्र विभागात त्यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन सुरू केले आणि त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात मुक्काम केला. १९७३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. हा प्रबंध ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी’ या नावाने १९७६ मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराकडे जगाच्या समाजशास्त्राचे लक्ष वेधण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

ज्या काळात त्या येथे आल्या तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण महाराष्ट्र होरपळून निघाला होता. खडी फोडण्याच्या कामांवर हजारो स्त्रिया राबत होत्या आणि मजुरीसाठी मोर्चे काढत होत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात लाटणे मोर्चे निघत होते. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहादा भागात भिल्ल आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्या पुरुषांना गावासमोर जाब विचारला. शहरातील सुशिक्षित स्त्रियांनी ‘कौटुंबिक हिंसा’ हा शब्द रूढ करण्याच्या कितीतरी आधी हे घडले होते. ऑम्वेट यांनी याच अनुभवांवर बोट ठेवले. १९७५ मध्ये ‘सोशल सायंटिस्ट’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलेल्या लेखाचा विषयच भारतातील स्त्रीमुक्तीची ग्रामीण मुळे हा होता. स्त्रीमुक्ती ही पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या मूठभर बायकांची हौस आहे, असे म्हणण्याची त्या वेळी उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंना सवय होती. एका अमेरिकन बाईने शहाद्याच्या शेतमजूर स्त्रीकडे बोट दाखवून ती सवय खोटी पाडावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. या वर्षांत ऑम्वेट महाराष्ट्रभर हिंडल्या. शेतमजूर, घरकामगार, सफाई कामगार, महाविद्यालयीन तरुणी अशा नाना थरांतील स्त्रियांशी त्या मराठीतून बोलल्या, त्यांच्या सभांना बसल्या. त्यातून ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ हे पुस्तक तयार झाले. ते १९८० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. समाजशास्त्राच्या रूढ कल्पनेत संशोधक प्रश्नावली घेऊन गावात जातो, उत्तरे भरून घेतो आणि परत येतो. येथे लेखिका मोर्चात चालताना दिसते, वाद घालताना दिसते आणि आपले चुकलेले अंदाजही सांगते. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याबरोबर राहून, त्यांच्याच प्रश्नांच्या क्रमाने अभ्यास करायचा, ही पद्धत पुढे ‘लोकसहभागी संशोधन’ म्हणून विद्यापीठांत प्रतिष्ठित झाली. ऑम्वेट यांनी ती नाव मिळण्यापूर्वीच अंगीकारली होती.

१९७६ मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले. १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. या घराचा इतिहास साधा नव्हता. सासू इंदुमती ऊर्फ इंदुताई पाटणकर या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या स्वातंत्र्यसैनिक. सासरे बाबूजी पाटणकर यांची स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत हत्या झाली आणि इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी करून संसार व चळवळ दोन्ही पेलले. सासू-सुनेने मिळून एक स्त्री संघटना उभी करावी आणि ती कित्येक वर्षे चालवावी, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. त्या संघटनेचे नाव स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ. सांगली, सातारा या भागांत ऐंशीच्या दशकात या चळवळीने जो प्रश्न हाती घेतला तो परित्यक्तांचा.

परित्यक्ता हा शब्द आता सरकारी अर्जांतही आढळतो. पूर्वी बोलीत त्यासाठी ‘टाकलेली’ हा शब्द होता, आणि तो शिवीसारखाच वापरला जाई. नवऱ्याने नांदवायला नकार दिलेली, परंतु कायद्याने घटस्फोट न झालेली ही स्त्री. ती विधवा नसल्यामुळे विधवांच्या सवलती तिला नाहीत. ती घटस्फोटिता नसल्यामुळे पुनर्विवाह नाही. रेशनकार्डावर नाव नवऱ्याच्या घरी, राहणे भावाच्या घरी. माहेरच्या शेतात ती राबते, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. भावजयीशी खटका उडाला की तेही छप्पर जाते. पोटगीचा दावा लावायचा तर तालुक्याला खेपा घालण्याचे एसटीचे भाडे कोण देणार? शासकीय आकडेवारीत ही स्त्री ‘विवाहित’ या रकान्यात सुखाने बसलेली असे.

पश्चिम महाराष्ट्रात या काळात दोन ठिकाणांहून हा प्रश्न पुढे आला. एक सांगली-साताऱ्यातील स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ आणि दुसरे नगर जिल्ह्यातील संगमनेर, जेथे ॲड. निशा शिवूरकर व समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून टाकलेल्या स्त्रियांची पाहणी केली, परिषदा घेतल्या. मागण्या साध्या आणि नेमक्या होत्या. स्वतंत्र रेशनकार्ड द्या, घरासाठी जागा द्या, रोजगार द्या, पोटगीचे दावे लवकर निकाली काढा, जमिनीत हिस्सा द्या. यांतील एकही मागणी ‘अत्याचाऱ्याला शिक्षा करा’ अशी नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. शिक्षेला या स्त्रियांचा विरोध नव्हता. परंतु शिक्षा झाली तरी संध्याकाळची भाकरी कोठून येणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

त्याच वर्षांत देशाच्या पातळीवर कायद्याची लढाई चालू होती. मथुरा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उसळलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात बदल झाला. त्याच वर्षी पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी भारतीय दंड विधानात कलम ४९८ अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ ब आले. (१ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून त्यात क्रूरतेची तरतूद कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) ऑम्वेट यांनी या कायद्यांचे मोल नाकारले नाही. परंतु हिंसा ही गुन्हा म्हणून पाहणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला.

या विचाराची मांडणी १९९० मध्ये दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ या प्रकाशनाने काढलेल्या ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन : न्यू मूव्हमेंट्स अँड न्यू थिअरीज इन इंडिया’ या छोटेखानी पुस्तिकेत आहे. पाने थोडी, पण महाराष्ट्रातील दशकभराच्या चळवळींचा अर्क त्यात उतरला आहे. स्त्रीवरील हिंसा ही पुरुषाच्या स्वभावातून येते, असे म्हणून थांबणारे एका बाजूला आणि वर्गलढा जिंकला की ती आपोआप नाहीशी होईल, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. ऑम्वेट या दोघांशीही भांडतात. मालमत्ता, गावातील सत्ता आणि घरातील मारझोड हे तीन वेगळे विषय नाहीत, असा त्यांचा आग्रह आहे. ज्या स्त्रीच्या नावावर काही नाही तिला घराबाहेर काढण्याची धमकी देता येते. ही धमकी हेच पतीच्या हातातील खरे हत्यार असून हात उगारण्याची पाळी पुष्कळदा येतही नाही. म्हणून जमीन व घर स्त्रीच्या नावावर करणे आणि ग्रामपंचायतीत स्त्रियांचे पॅनेल निवडून आणणे, हे त्यांच्या लेखी हिंसेविरोधातील थेट कार्यक्रम ठरतात.

याच धाग्याने त्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीकडे ओढल्या गेल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. ग्रामीण स्त्रियांचा इतका मोठा मेळावा राज्याने तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम मांडला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करावा आणि ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव ठरावे, अशी ती कल्पना. कायद्याची सक्ती नसताना शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे बायकांच्या नावावर केले, ही गोष्ट शहरातील अनेक अभ्यासकांना खरी वाटेना. ऑम्वेट यांनी ती नोंदवली, तिचे स्वागत केले. पुढे १९९२ मध्ये राज्य शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी याच नावाची तरतूद केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचे महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. केंद्राने हे पाऊल २००५ मध्ये उचलले.

शेतकरी संघटनेशी ही जवळीक ऑम्वेट यांना महागातही पडली. डाव्या व शहरी स्त्रीवादी वर्तुळात त्यांच्यावर टीका झाली. जमीनधारक शेतकऱ्यांच्या संघटनेला शेतमजूर दलित स्त्रीचे काय पडले आहे, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. खुल्या बाजाराबद्दलची त्यांची अनुकूलता, १९९९ मध्ये नर्मदा प्रकरणी अरुंधती रॉय यांना लिहिलेले अनावृत पत्र, यांमुळे जुने सहकारी दुरावले. त्यांच्या या भूमिकांशी सहमत होणे आवश्यक नाही. परंतु हिंसेविषयीची त्यांची मांडणी त्यापायी बाजूला पडली, हे नुकसान आपले आहे, असे प्रस्तुत वार्ताहराला वाटते.

त्या मांडणीला आकड्यांचा भक्कम पुरावा मिळाला तो केरळमधून आणि तोही पंधरा वर्षांनी. प्रदीप पंडा व अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ग्रामीण व शहरी मिळून ५०२ विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांच्या नावावर जमीनही नाही आणि घरही नाही, त्यांपैकी ४९ टक्के स्त्रियांना पतीकडून दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसावी लागली होती. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के आढळले. शिक्षण, नोकरी, पतीचे व्यसन हे सारे घटक वेगळे काढूनही मालमत्तेचा परिणाम टिकून राहिला.

या चार आकड्यांतील तिसरा आकडा शहरवासीयांनी पुन्हा वाचावा. ऑम्वेट यांचा सारा विचार जमिनीभोवती फिरतो आणि तेथेच तो शहरात अपुरा पडतो. भिवंडीत वाटून घ्यायला शेत कोठे आहे? २०११ च्या जनगणनेनुसार ७ लाखांवर लोकवस्ती असलेल्या या शहरात उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेला एकटा पुरुष माग चालवतो आणि त्याची बायको गावी असते. तेलंगणातून आलेली कुटुंबे पद्मानगर, कामतघर भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. शांतीनगर, गायत्रीनगरच्या खोल्यांत स्त्रिया कांड्या भरण्याचे, शिलाईचे, मणी ओवण्याचे काम नगावर करतात. महामार्गालगतच्या गोदामांत माल भरण्या-बांधण्याचे काम अलीकडच्या काळात वाढले. हातात थोडा पैसा येतो. पण खोलीचा भाडेकरार, अनामत रकमेची पावती आणि विजेचे बिल कोणाच्या नावावर असते, हे कोणत्याही गल्लीत विचारून पाहावे. मारहाण झालेली स्त्री पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करते, त्याचे एक कारण त्या बिलावर छापलेल्या नावात आहे. गावी राहिलेल्या बायकोला पाठवणी बंद झाली तर तिची गणना कोणत्या जिल्ह्यात करायची, हा आणखी एक पेच. ‘कापड बाजार मंदावला’ ही बातमी आम्ही पहिल्या पानावर देतो. मंदीत कोणत्या घरी चूल बंद होते आणि कोणाला माहेरी धाडले जाते, याची मोजदाद होत नाही.

शहरी हिंसेच्या अभ्यासाची वाट मुंबईत वेगळ्या संस्थांनी पाडली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवण्याची ही कल्पना पुढे राज्यभर पोहोचली. या कक्षाकडे आलेल्या स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला अंजली दवे व गोपिका सोलंकी यांचा ‘जर्नी फ्रॉम व्हायलन्स टू क्राइम’ हा अभ्यास २००१ मध्ये आला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र उघडले, कारण जखमी स्त्री पोलिसांकडे गेली नाही तरी मलमपट्टीसाठी दवाखान्यात येतेच. सासवडच्या परिसरात मनीषा गुप्ते व रमेश अवस्थी यांच्या ‘मासूम’ने १९८७ पासून आरोग्य आणि हिंसा यांचा एकत्र विचार केला. या साऱ्यांचे काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हिंसा सहन करणाऱ्या स्त्रिया मदत मागतात किती, याचे उत्तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. देशात १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. आणि २०११ च्या जनगणनेत विभक्त म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांची संख्या २३ लाखांच्या वर होती. घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून ती अधिक आहे. संगमनेर आणि सांगलीच्या कार्यकर्त्या गावोगाव वही घेऊन फिरत होत्या त्या वेळी असा रकाना नीट वाचणारे फार थोडे होते.

कायद्यानेही हळूहळू छपराचा प्रश्न मान्य केला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर तिच्या नावावर असो वा नसो, स्वतःचे असो वा भाड्याचे. सासऱ्यांच्या मालकीचे घर यात बसते की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालला. २००६ मधील निकालाने ते नाकारले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तो निकाल फिरवला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानले. तथापि वेगळे कार्ड काढायचे तर नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला लागतोच, आणि तो आणायला त्याच दारी जावे लागते.

ऑम्वेट यांचे उत्तरायुष्य जातीच्या इतिहासलेखनात गेले. ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’ (१९९४), ‘बुद्धिझम इन इंडिया’ (२००३), ‘सीकिंग बेगमपुरा’ (२००८) हे ग्रंथ देशविदेशांत अभ्यासले जातात. पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाची धुरा त्यांनी सांभाळली. येरळा नदीवरील बळीराजा धरण, दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटप, धरणग्रस्तांचे पुनर्वसन या श्रमिक मुक्ती दलाच्या लढ्यांत त्या शेवटपर्यंत होत्या. विद्यापीठातील पदे आली आणि गेली, मुक्काम कासेगावीच राहिला. २५ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

तीन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा निर्णय काढला. दरमहा १५०० रुपयांसाठी पात्र स्त्रियांची यादी त्यात आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार. चौथा शब्द तेथे स्वतंत्रपणे, कोणत्याही खुलाशाविना छापला आहे.